कोरडी जागा

१

मेबल अठरा महिन्यांची झाली तरी एक शब्द बोलली नव्हती, आणि घरात ह्याची काळजी फक्त मला होती.

डंकन म्हणायचा, "बोलेल गं. आमच्या घराण्यात कोणी घाईने बोललेलं नाही. आजोबा तर साठ वर्षं बोलले नाहीत. आजीने तोंड मिटलं असतं तर बोलले असते."

माझा नवरा गडगे घालतो. चुना नाही, सिमेंट नाही, नुसता दगडावर दगड. दिवसभर त्याच्याशी मेंढ्यांखेरीज कोणी बोलत नाही आणि त्याला ते मानवतं. मी शाळेत इतिहास शिकवायचे. तीस मुलांच्या गोंगाटात माझं डोकं थंड असायचं, आणि आता एका गप्प मुलीसमोर बसले की ते भणभणायला लागायचं. इतिहास शिकलेल्या बाईचा भुताखेतांवर विश्वास नसतो. माझाही नव्हता. पण मूल झाल्यापासून बाकी सगळ्यावर बसला होता: द्राक्ष घशात अडकतं ह्यावर, खिडकीची दोरी गळ्यात गुंतते ह्यावर, आणि अठराव्या महिन्याला वीस शब्द यायलाच हवेत असं कुठल्याशा पुस्तिकेत छापलं होतं त्यावर.

दर मंगळवारी आम्ही गावातल्या चॅपलच्या हॉलमध्ये क्लासला जायचो. मुलं बोलायला लागण्याआधी हातांनी मागायला शिकतात, तो क्लास. मूठ उघडली-मिटली की दूध. दोन्ही हातांची बोटं टोकाला टोक लावून टेकवली की अजून. हात झटकले की झालं. क्लास संपला की मेबलला पाठीवर बांधून मी शेतातून खाली मठात जायचे, आणि आम्ही दोघी तिथे डबा खायचो.

मोठमोठ्या मठांकडे बसगाड्या जातात, तिथे तिकीटघर असतं, चहाचं दुकान असतं. केल्डबेकच्या मठात मेंढ्या असतात. हा बायकांचा मठ होता, लहानसा. चर्चची पूर्वेकडची भिंत उभी आहे, खिडकीच्या जागी नुसतं आभाळ. जेवणघराच्या तीन भिंती आहेत आणि त्यातल्या लांब भिंतीला लागून एक दगडी कट्टा, ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत. बाकीचा मठ गावात आहे. कोणाच्या गोठ्यात, कोणाच्या पुलात, आमच्या स्वयंपाकघराच्या दारावरच्या आडव्या दगडात. डंकन म्हणतो, "अख्खं गाव चोरीच्या दगडाचं आहे, आणि भिंती बघ कशा ओळंब्यात, सरळसोट!"

एप्रिलमधली गोष्ट. वारा कापत होता. मेबल सकाळपासून रडत होती. दात असतील, नाहीतर पोट, नाहीतर मी. चर्चच्या पूर्वेकडच्या टोकाला गुडघाभर उंचीचा एक सपाट दगड आहे, त्यावर मी डबा उघडला होता. तिच्या हातात पावाची कड होती. ती खाईना आणि सोडेना. हात गारठून लाल झाला होता. मी खांद्यावरचा मलमलचा फडका काढला, ज्याच्या जिवावर तान्ह्या मुलांच्या आया दिवस काढतात तो, आणि तिचा हात पावासकट त्यात गुंडाळून दगडावर ठेवला.

"कुठे गेला हात? गेला! नाहीच!"

ती रडतच होती. तेव्हा मी त्या पडक्या भिंतींकडे बघून, चांगल्या खणखणीत आवाजात, कुठलीही आई दिवसातून एकदा म्हणते ते म्हणाले:

"घ्या बाई हिला कोणीतरी! मला दहा मिनिटं बसू द्या."

मेबल थांबली. हुंदका अर्धा असतानाच थांबली, नळ बंद केल्यासारखी. मान वर करून डावीकडे बघितलं तिने, आणि मग शांतपणे फडक्यातून हात काढून पाव खायला लागली.

मी दहा मिनिटं बसले. चहा गरम असताना प्यायले. वर्षभरात पहिल्यांदा.

२

त्यानंतरचे पाच आठवडे फार सुखाचे गेले. हे मला आधी सांगायला हवं, कारण पुढचं ऐकून वाटेल की मी तेव्हाही काळजीत होते. मी नव्हते. काळजी करायची सवय असलेल्या माणसाला काळजी नसली की जरा चुकल्याचुकल्यासारखं होतं, तेवढंच.

मेबल रात्रभर झोपायला लागली. पुढ्यात येईल ते खायला लागली, पालेभाजीसुद्धा. कपडे घालताना हात स्वतः पुढे करायची. मठात नेलं की तिचा चेहरा उजळायचा. जेवणघरात शिरली की दुडुदुडु जाऊन कट्ट्यावर चढायची, नेहमी त्याच जागी, टोकापासून एक जागा सोडून. पाय लोंबकळत, हात मांडीवर. मी समोर गवतावर डबा उघडायचे.

आणि ती मागायला लागली. हातांनी. मला इतका आनंद झाला की ती काय मागतेय तिकडे मी नीट बघितलंच नाही.

दूध हवं असलं की ती डाव्या हाताची करंगळी उजव्या हाताने धरून खाली ओढायची, पुन्हा ओढायची. पाव हवा असला की दोन्ही अंगठे आणि दोन्ही तर्जन्या जोडून गोल करायची. एका शुक्रवारी तिने तळहात उभा धरून हलवला, शेपटीसारखा, आणि मग माझ्या ताटातल्या अंड्याकडे बघून नाक मुरडलं.

डंकन म्हणाला, "काय म्हणतेय?"

"मासा."

"तुला कसं कळलं?"

मला कसं कळलं ते मलाही कळलं नाही.

एक गोष्ट मात्र नजरेत आली होती. ताट समोर आलं की ती लगेच खायची नाही. चमचा धरून बसायची, मान जरा वर, डावीकडे. बसलेल्या मोठ्या बाईचा चेहरा जिथे असेल तिथे. मग कुठेतरी एक आवाज व्हायचा, लाकडावर लाकूड आपटल्यासारखा, एकदाच. टक्. आणि मेबल खायला लागायची.

"पाइप तापला की वाजतो," डंकन म्हणाला.

बरोबर होतं. आमचे पाइप वाजतात. फक्त मे महिना लागल्यावर आम्ही घर तापवणं बंद केलं होतं. ते मला आठवलं.

३

क्लास घेणाऱ्या मुलीचं नाव जोडी, केस गुलाबी रंगवलेली, सतत उकिडवी बसणारी. तिने मेबलची करंगळी बघितली आणि कौतुकाने ओरडलीच, "अय्या! हे आपल्यातलं नाहीये. कुठून शिकली?"

"स्वतःच काढलं बहुतेक."

"हुशार आहे हो! आणि ही गोल पोळीसारखी खूण? तीपण? टॅमसिन, तुझी मुलगी स्वतःची भाषा करतेय."

पलीकडे बसलेली एक आई म्हणाली, "आमचा तर कुत्र्यालाही बाबा म्हणतो." तिला माझा हेवा वाटला असावा. माझी मान ताठ झाली, आणि ती तशीच ठेवून मी मुलीला घेऊन बाहेर पडले.

हॉलच्या पायऱ्यांवर मेबल पडली. तोंडावर. खालचा ओठ दातात येऊन फाटला आणि हनुवटीवर रक्त ओघळलं. तिने तोंड उघडलं. सगळं तोंड उघडलं, डोळे घट्ट मिटले, गळ्याच्या शिरा ताठ झाल्या, गालांवरून पाणी वाहायला लागलं. आणि आवाज आला नाही.

मुलं रडण्याआधी श्वास घेतात. मी त्या श्वासाची वाट बघत राहिले. तो घेऊन झाला, सोडून झाला, दुसरा घेऊन झाला. आवाज नाही. मग तिने डावीकडे वर बघितलं, तोंड मिटलं, आणि उजवा तळहात छातीवर ठेवून हळूच गोल फिरवला. एकदा, दोनदा.

मी तिला उचलून घट्ट धरलं. ती माझ्या खांद्यावर गप्प रडत होती आणि मी आठवत होते, हिचा आवाज शेवटचा कधी ऐकला? बोबडं काहीतरी, खोकला, खिदळणं. मला एप्रिलपर्यंत मागे जावं लागलं. त्या दगडापर्यंत.

दुसऱ्याच दिवशी कान तपासून आणले. उत्तम होते. तपासणारी बाई हसून म्हणाली, "हिला सगळं ऐकू येतं. उलट आपल्यापेक्षा जास्तच. मध्येच मान वळवते बघा."

४

पिकर्सगिल बाई गावच्या मठमित्र मंडळाच्या अध्यक्ष. मंडळात चार सभासद, त्यातली एक त्यांची बहीण, आणि ती कॅनडात असते. मठात नवी पाटी लावायची होती आणि मजकूर लिहायचं काम त्यांनी माझ्या गळ्यात घातलं होतं. कागदांनी भरलेला बिस्किटांचा डबा घेऊन त्या आमच्या स्वयंपाकघरात येऊन बसल्या, आल्याच्या केकचा मोठासा तुकडा घेतला आणि म्हणाल्या, "सहाशे शब्द म्हणजे सहाशे हं पोरी. मागची पाटी वाचून मेंढ्यासुद्धा पेंगायच्या."

"प्रयत्न करते."

"प्रयत्न नको, लिही. आणि राजाला उगाच शिव्या देऊ नकोस. त्याने देशातले मठ मोडले ते मोडले, पाचशे वर्षं झाली. लोकांना काय हवं असतं? काय खायच्या, कुठे झोपायच्या, भांडायच्या का."

"भांडायच्या का?"

"हातांनी! हे बघ." त्यांनी एक छायाप्रत पुढे सरकवली. "जेवताना बोलायची बंदी. म्हणून खुणांची यादी केलेली. आमच्याच मठातली आहे, बिशपकडच्या कागदांत सापडली. तुला वाचता येईल ना जुनं अक्षर? मला चष्म्यानेही येत नाही."

मला वाचता आलं. इतकं शिक्षण घेतल्याचा तेवढ्यापुरता पश्चात्ताप झाला.

ज्या भगिनीस दूध हवे असेल तिने डाव्या हाताची करंगळी उजव्या हाताने ओढावी, जशी गाईची धार काढतात. जिला पाव हवा असेल तिने अंगठे व तर्जन्या जोडून वर्तुळ करावे. जिला शुक्रवारी मासा हवा असेल तिने तळहात उभा धरून शेपटीसारखा हलवावा. जिच्या हातून चूक घडली असेल, किंवा आवाज झाला असेल, तिने तळहात छातीवर फिरवावा.

मेबल तिच्या उंच खुर्चीत बसून केकच्या कणांशी खेळत होती. तिने वर बघितलं आणि पिकर्सगिल बाईंकडे करंगळी ओढली.

"अगं बाई!" त्या टाळ्या पिटायला लागल्या. "शिकवलंस वाटतं तिला! छुपी रुस्तम आहेस. पाटीच्या उद्घाटनाला करून दाखवू दे हं. वर्तमानपत्रवाले येणार आहेत."

"मी नाही शिकवलं."

"असू दे, असू दे. विनय पुरे."

मी यादी उलटी घातली. खालचा कागद वर आला. त्यावर मठात मुली कशा स्वीकारत ते होतं. आईबाप लहान मुली मठाला देऊन टाकत, अगदी अंगावर पिणाऱ्यासुद्धा. हे मी शाळेत शिकवलंय, परीक्षेला दोन गुणांना येतं. कसं देत ते मात्र मी कधी वाचलं नव्हतं. मुलीच्या हातात पाव द्यावा. तो हात पावासकट वेदीवरच्या वस्त्रात गुंडाळून वेदीवर ठेवावा. आणि साक्षीदारांच्या देखत म्हणावे, हिला घ्या.

चर्चच्या पूर्वेकडच्या टोकाला वेदी असते, हे मला माहीत असायला हवं होतं. मी इतिहासाची शिक्षिका. मी त्या दगडावर वर्षभर सँडविच खात होते.

साक्षीदार नव्हते, मी स्वतःला सांगितलं. विधी अपुरा. तिथे कोणी नव्हतं. मग आठवलं, मेबलने वर डावीकडे बघितलं होतं.

"आणि परत हवी असली तर?" मी विचारलं. आवाज शक्य तितका पाटीचा मजकूर लिहिणाऱ्या बाईचा ठेवला.

"परत? मुलगी म्हणजे काय वाचनालयातलं पुस्तक?" पिकर्सगिल बाई केकचा चुरा चिमटीने गोळा करत म्हणाल्या. "एक आई गेली होती म्हणे मागायला. आहे तो कागद कुठेतरी. नाही म्हणाल्या नाहीत तिला. फक्त एवढंच म्हणाल्या, जागा रिकामी ठेवता येणार नाही. काय अर्थ घ्यायचा तो घे."

"किती जागा होत्या?"

"बारा. पण मठ बंद करायला राजाची माणसं आली तेव्हा अकराच बायका होत्या. बारावी त्या हिवाळ्यात गेली होती. ताटं मात्र बाराही मांडलेली. हे घाल हं पाटीवर, लोकांना असलं आवडतं."

दारावरच्या दगडातून आवाज आला. टक्.

पिकर्सगिल बाई म्हणाल्या, "पाइप दाखवून घे तुझे." आणि मेबलने केक तोंडात घातला.

५

मी मठात जाणं बंद केलं. लागोपाठ तीन मंगळवार आम्ही घरीच राहिलो.

मेबलने हट्ट केला असता तर बरं झालं असतं. ती नुसती दाराशी जाऊन उभी राहायची, बूट हातात घेऊन, प्रसन्न चेहऱ्याने, कोणीतरी न्यायला येणारच आहे अशी. मी गाणी म्हणायचे, डबे वाजवायचे, वेड्यासारखी मेंढीचा आवाज काढायचे. ती हसायची. तोंड उघडून, खांदे हलवून, पोट धरून. आवाजाशिवाय.

शेवटी डंकनला सांगितलं. दुपारी जेवायला घरी आला होता, हात धुळीने पांढरे.

"आपण तिला देऊन टाकली, डंकन. मी दिली."

"कोणाला?"

"माहीत नाही."

"दिली म्हणजे? ही काय समोर बसलीय. माझ्या बुटात दूध ओततेय."

"थट्टा नको ना करूस."

"टॅम, तुझी झोप झालेली नाही."

"झालीय! तेच तर सांगतेय! ती रात्रभर झोपते, मीही रात्रभर झोपते. माझी इतकी झोप लग्नाआधीसुद्धा झाली नव्हती!"

तो हसायला लागला आणि मग थांबला. मेबलने त्याच्या बुटातून वर बघितलं होतं आणि ती छातीवर हात फिरवत होती. आमच्यासाठी नाही. डावीकडे बघून.

"मूल खातं, झोपतं, हसतं," तो म्हणाला. "तक्रार काय करायची, तेच कळत नाही मला." म्हणजे त्याच्याही लक्षात आलं होतं. कप उचलताना त्याने तो बशीवर आपटू नये म्हणून दोन्ही हातांनी धरला. आम्ही सगळेच हळूहळू आवाज न करता जेवायला लागलो होतो, आणि खरं सांगायचं तर ते वाईट वाटत नव्हतं. मला भीती वाटली ती त्याची.

चौथ्या मंगळवारी सकाळपासून झिमझिम होती, आमच्याकडे असते तशी, पडतेय की तरंगतेय कळू नये अशी. मी मेबलला पाठीवर बांधलं. पिशवीत पाव घेतला आणि तो मलमलचा फडका.

जायचं ठरवलं तेव्हा माझं म्हणणं असं होतं: तिथे जायचं, काही नाही हे स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं, घरी येऊन वाचा-उपचाराच्या यादीत नाव घालायचं. शहाण्या बाईचा बेत.

जेवणघरात शिरल्यावर मी मेबलला खाली सोडलं आणि कट्ट्याकडे बघितलं.

कट्टा भिजून काळा झाला होता. पण सगळा नाही. रस्त्यावर उभी असलेली गाडी पावसात निघून गेली की खाली कोरडा चौकोन राहतो ना, तशा कोरड्या जागा होत्या कट्ट्यावर. फिकट, सारख्या अंतरावर, बसलेल्या माणसाएवढ्या. मी मोजल्या. शिक्षकाला मोजायची सवय असते, सहलीला मुलं मोजतात तशी. अकरा. पुन्हा मोजल्या. अकरा मोठ्या, आणि टोकाकडची एक सोडून तिच्या शेजारी आणखी एक अगदी लहान होती, दोन वितींची.

मेबल दुडुदुडु गेली आणि त्या लहान जागेवर चढून बसली. पाय लोंबकळत, हात मांडीवर.

माझ्या नाकावरून पाणी ठिबकत होतं. मेबलचे केस कोरडे होते.

डोंगरातून एखादी झुळूक येत असेल, मी म्हटलं. भिंतीचा आडोसा असेल. आडोसा अकरा जागी आणि एक लहान? मी दोन पावलं पुढे झाले. तेव्हा मला दिसलं की तिच्या शेजारच्या जागेवर पाऊस पडत नव्हता असं नाही. तो काहीतरी चुकवून पडत होता. तो जिथून वळत होता तिथे एक उतार होता, बाईच्या खांद्याचा असतो तसा. त्या उतारापासून पावसातली ती रिकामी रेघ पुढे सरकली, मेबलच्या कपाळापर्यंत, आणि मेबलची बट कानामागे गेली.

मी रोज तसंच करते. त्याच कानामागे.

"ती माझी आहे," मी ओरडले.

टक्.

अकराही जागा माझ्याकडे वळल्या. हे मला कसं कळलं ते विचारू नका. बघण्यासारखं काहीच नव्हतं. मेबल मात्र ओशाळली. तिने माझ्याकडे बघितलं, मग शेजारी वर बघितलं, आणि छातीवर तळहात फिरवला. माझ्या वतीने माफी मागत होती.

रागावलं नव्हतं कोणी. मला तेच सहन झालं नाही. तिथे इतकी माया होती, इतकं नीटनेटकं सगळं, आणि माझी मुलगी त्यात इतकी सुखात होती, की मी तिला कशासाठी परत नेतेय ह्याला माझ्याजवळ एकच उत्तर होतं. मला तिचा आवाज ऐकायचा होता.

जागा रिकामी ठेवता येणार नाही.

मी चर्चच्या टोकाला गेले. आसपास कोणी बघत नाही ना ते बघून घेतलं. चार मेंढ्या होत्या. इतिहासात पदवी घेतलेली, लोकरीची टोपी घातलेली बाई पावाचा तुकडा मुठीत धरून स्वतःचाच हात फडक्यात गुंडाळतेय, हे पिकर्सगिल बाईंनी बघितलं असतं तर? एका हाताने नीट गुंडाळताही येत नव्हतं. दातांनी टोक ओढलं. हात दगडावर ठेवला.

"मला घ्या," मी म्हणाले. आणि मी घाबरट असले तरी बाजारात घासाघीस मीच करते, म्हणून घाईने पुढे जोडलं, "फक्त मंगळवारी. जेवायच्या वेळेला."

उत्तर आलं नाही. ना हो, ना नाही. फडक्याच्या आत माझा हात उबदार झाला. कोणीतरी वरून दोन्ही हातांनी धरल्यासारखा.

आणि जेवणघरातून किंकाळी आली.

मी धावले. मेबल कट्ट्यावर उभी होती, केसांतून पाणी गळत होतं, चेहरा संतापाने लालबुंद. तिची ती दोन वितींची जागा काळी पडत चालली होती. तिने मागे हात लावला, तो हात माझ्यासमोर धरला, आणि आयुष्यातला पहिला शब्द जमेल तितक्या मोठ्याने फेकला:

"ओलं!"

"हो गं राणी, ओलं!"

"ओलं! ओलं! ओलं!"

मी तिला उचललं आणि शेतातून घरी पळाले. ती माझ्या कानाशी बोंबलत होती आणि मी हसत होते, रडत होते. फाटकाशी एकदाच मागे बघितलं. लहान जागा गेली होती. त्याच ठिकाणी आता मोठी होती, माझ्या मापाची, स्वच्छ कोरडी.

६

मेबल आता दोन वर्षांची आहे आणि तिचं तोंड बंद होत नाही. पिकर्सगिल बाई म्हणतात, "ही पोर बोलून बोलून मेंढ्यांची लोकर उतरवेल." डंकन कामावरून येतो आणि कानात बोटं घालून बसतो, इतका खूष असतो. सकाळी ती पलंगावर चढून माझ्या डोळ्यांच्या पापण्या वर करते आणि म्हणते, "आई, ऊठ, ऊन आलं, मेंढी आली, बाबा आला, ऊठ!" ह्या वाक्यासाठी मी काहीही दिलं असतं.

पाटी लागली. सहाशे शब्दांत बसली. पिकर्सगिल बाईंनी फक्त शेवटच्या ओळीखाली लाल रेघ मारली होती. मी लिहिलं होतं, "ह्या मठात बारा बायका आहेत."

"होत्या," त्या म्हणाल्या. "काळ बघ गं, शिकलेली ना तू?"

मी मान डोलावली. दुरुस्त करून दिलं.

घासाघीस मी करायला नको होती. त्या बाबतीत समोरची मंडळी मुरलेली आहेत. आधी फक्त मंगळवारी माझा आवाज बसायचा. मग बुधवारी सकाळपर्यंत. ऑगस्टपासून तो आलेला नाही. डॉक्टरांनी घशात दिवा घालून बघितलं, सगळं ठीक आहे म्हणाले. तुम्हाला बोलावंसं वाटतं का, असं त्यांनी विचारलं. मी वहीत लिहिलं, तसं काही नाही. ते खरं आहे. घरात एका माणसाने बोललं तरी पुरतं, आणि आमच्याकडे ते माणूस आहे. म्हणून हे लिहून ठेवलं. लिहिताना आवाज होत नाही, त्याला कोणाची हरकत नसते.

डंकन बिचारा जोडीच्या क्लासला जातो, त्या गुलाबी केसांच्या मुलीसमोर उकिडवा बसून, सात आयांच्या घोळक्यात. परवा त्याने मोठ्या अभिमानाने मूठ उघडून मिटून मला विचारलं, दूध हवंय का? मी त्याचा हात हातात घेतला, त्याची करंगळी धरली आणि दाखवलं. आमच्यात असं मागतात.

मंगळवारी दुपारी तो आणि मेबल मठाबाहेरच्या गडग्यावर बसून डबा खातात. मेबल आत येत नाही. तिथून हात हलवते, आधी मला, मग माझ्या डाव्या बाजूला. मी माझ्या जागेवर बसते. समोर काही नसतं आणि मला भूक लागलेली असते. मग टक् असा आवाज होतो.

दहा मिनिटांचं काम असतं. पाऊस असला तरी मी छत्री नेत नाही.